कणा शोधायचा कसा: मासळीबाजारापासून अंगणातल्या गांडुळापर्यंत

पाठीचा कणा असलेले ते पृष्ठवंशीय, नसलेले ते अपृष्ठवंशीय. व्याख्या एका ओळीची आणि सहावीतल्या मुलालाही पाठ असलेली. पण त्याच मुलापुढे माकूल (स्क्विड) ठेवा आणि आतली काचेसारखी पट्टी ओढून दाखवा, तो हमखास म्हणेल, "हा बघा कणा." कासवाला कवच आहे म्हणून कणा नसणार, बोंबील लिबलिबीत म्हणून तोही अपृष्ठवंशीय, अशी उत्तरं वर्गोवर्गी मिळतात. कणा कधी हाताला लागलेलाच नसतो, म्हणून हे होतं. सुट्टीची एक सकाळ, बाजारातली एक पिशवी आणि स्वयंपाकघरातला ओटा एवढ्यावर ही उणीव भरून निघते.

सुरुवात स्वतःच्या मानेपासून

मान पुढे झुकवा आणि बोटं मानेच्या मागून खाली न्या. मान संपते तिथे जो ठसठशीत उंचवटा लागतो तो बहुतेकांमध्ये मानेतला सातवा मणका. तिथून खाली बोट सरकवलं की एकामागून एक टेंगळं लागत जातात. बोटाला लागतं ते मणक्याचं फक्त मागचं टोक. मणक्याचा जाड गोल भाग त्याच्या पुढे, शरीरात खोलवर असतो, आणि या दोहोंच्या मधल्या भोकातून मेरुरज्जू, म्हणजे मज्जातंतूंची दोरी, खाली उतरतो.

जन्मतः माणसाला 33 मणके असतात. त्यांतले सर्वांत खालचे 9 वाढत्या वयात जुळून दोन हाडं होतात, त्यामुळे मोठ्या माणसाच्या कण्यात मोजायला 26 हाडं उरतात: मानेत 7, छातीच्या भागात 12, कमरेत 5 आणि खालची जुळलेली 2. जिराफाच्या मानेतही 7च मणके असतात, फक्त एकेक मणका लांबलचक. सस्तन प्राण्यांमध्ये हा सातचा आकडा जवळजवळ पक्का आहे. स्लॉथ आणि मॅनटी यांच्यासारखे थोडेच अपवाद. घरात जुना छातीचा एक्स-रे पडला असेल तर तो खिडकीच्या काचेला लावा आणि मणके शोधा. ज्या घरात मासळी शिजत नाही तिथे एक्स-रे, पाल, गांडूळ आणि शिंपल्या एवढ्या सामानावरही अर्ध्याहून जास्त काम होतं.

आता तीन प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ओट्यासमोर चिकटवा.

1. आत तुकड्या-तुकड्यांची साखळी आहे का?
2. ती पाठीच्या बाजूला, म्हणजे पोटाच्या विरुद्ध बाजूला आहे का?
3. त्या साखळीतून मज्जेची दोरी जाते का?

तिन्हींना 'हो' आलं तरच कणा. कडक आहे की मऊ, हा प्रश्न या यादीत मुद्दाम नाही. निम्म्या चुका त्याच प्रश्नामुळे होतात.

पिशवीत काय हवं

वीतभर लांबीचे 2 बांगडे, मुशीची किंवा मोरीची (लहान शार्कची) 1 तुकडी, सुरमईची शेपटीकडची 1 तुकडी, 1 बोंबील, डोक्यासकट 4 मोठ्या कोळंब्या, 1 नळ माकूल, 1 चिंबोरी (खेकडा), 6 तिसऱ्या (शिंपल्या). चिकनच्या दुकानातून 2 माना. शिवाय पांढरा व्हिनेगर, भिंग, कात्री, लांब सुई, टूथपिक, जुना टूथब्रश आणि पसरायला वर्तमानपत्र.

बाजारात एक गोष्ट आधी बोलावी लागते. मासा कापून, डोकं आणि पोट काढून देण्याची मावश्यांच्या हाताला सवय असते. "मावशी, बांगडे अख्खे द्या, कोयता लावू नका," हे पैसे देण्याआधी सांगा. एक आडवा घाव बसला की दोन-तीन मणके चिरडतात आणि मोजणीची वाट लागते. मुशीची तुकडी घेताना मधला भाग तसाच ठेवायला सांगा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा ताजी समुद्राची मासळी कमी येते; त्या दिवसांत आधी अंगणातला भाग उरका, बाजार नंतर.

एक खबरदारी. उकडून, हाताळून तास-दोन तास ओट्यावर राहिलेला बांगडा खाऊ नका. बांगड्याच्या मांसात उबेला हिस्टामिन तयार होतं आणि ते नंतर कितीही शिजवलं तरी जात नाही. अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. खायचे मासे वेगळे, शिकायचे वेगळे. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला त्यांना हात लावू देऊ नका.

बांगडा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

रुंद पातेल्यात मासा बुडेल एवढं पाणी उकळा. आच अगदी मंद करून एक बांगडा अलगद सोडा आणि झाकण ठेवून 8 ते 10 मिनिटं थांबा. मग तो झाऱ्याने उचलून परातीत ठेवा आणि 15 मिनिटं निवू द्या. खळखळ उकळलात किंवा वीस मिनिटं ठेवलात तर मणके एकमेकांपासून सुटतात आणि साखळी दिसण्याऐवजी ढीग हाती येतो. पाच मिनिटांत काढलात तर मांस हाडाला चिकटून राहतं आणि खरवडताना काटे मोडतात.

कल्ल्याच्या मागे पाठीपासून पोटापर्यंत एक आडवी चीर द्या. दुसरी चीर अंगाच्या मधोमध, शेपटीपर्यंत. आता सपाट चमच्याने वरचं मांस पाठीकडे आणि खालचं पोटाकडे ढकला. ते पापुद्र्यांनी निघत जातं आणि मधोमध पांढुरकी साखळी उघडी पडते. मासा उलटा करायची घाई नको. शेपटी धरून साखळी हळूच वर उचला, खालचं मांस आपोआप सुटतं. डोकं लागूनच राहू द्या, कारण कवटी आणि कणा एकाच सांगाड्याचे भाग आहेत हे तिथेच दिसतं.

मणके मोजा. बांगड्याला 31 असतात: पोटाच्या पोकळीवरचे 13 आणि शेपटीकडचे 18. मुलांची मोजणी बहुधा 29 किंवा 30 येते. पहिला मणका कवटीच्या बुडाशी दडलेला असतो आणि शेवटचा शेपटीच्या पंख्यासारख्या हाडांत मिसळलेला असतो, ते दोन सुटतात. टूथपिकने प्रत्येक सांध्यावर टेकत मोजलं तर आकडा जुळतो.

मग एक मणका भिंगाखाली धरा. मधला भाग डमरूसारखा, दोन्ही टोकांना खोलगट. त्याच्या वर बारीक कमान आणि कमानीतून वर गेलेला काटा. शेपटीकडच्या मणक्यांना तशीच एक कमान खालीही असते. वरच्या कमानीत मेरुरज्जू, खालच्या कमानीत रक्तवाहिनी. पुढच्या 13 मणक्यांना खाली अशी बंद कमान नसते, तिथे पोटाची पोकळी असते आणि बाजूंना बरगड्या. शेपटी कुठे सुरू झाली हे ठरवायची खरी खूण हीच.

हेच सुरमईच्या कच्च्या तुकडीत कापलेल्या बाजूने दिसतं, आणि एकच नग दाखवायला वेळ असेल तर तुकडीच दाखवावी. मधोमध हाडाचा गोल, त्याच्या वर भोक, भोकात पांढरा ठिपका. सुई टोचून तो ठिपका बाहेर ओढला तर ओल्या दोऱ्यासारखा लांबतो. तो मेरुरज्जू. गोलाच्या खाली काळपट लाल ठिपका दिसतो, ती रक्तवाहिनी. तिसऱ्या प्रश्नाचं 'हो' डोळ्यांनी बघायची ही सर्वांत सोपी जागा आहे, आणि कोकणातल्या निम्म्या घरांत ती रोज तव्यावर जाते.

माशातला प्रत्येक काटा मात्र कण्याचा नसतो. पाला (हिल्सा) माशाच्या मांसात जे असंख्य बारीक, फाटे फुटलेले काटे त्रास देतात ते स्नायूंच्या पडद्यांत सुटे बसलेले असतात. कणा काढून टाकला तरी ते राहतात, म्हणून तर पाला खाणं हे कसब आहे.

मऊ कणे: मुशी आणि बोंबील

मुशीच्या तुकडीत मधोमध गोल चकती दिसते. तिच्यातून सुरी सहज जाते, नखाने दाबलं तर जरा दबते. हाड नसून कूर्चा आहे, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते तीच वस्तू, फक्त चुन्याने थोडी टणक झालेली. तरीही तुकडे आहेत, साखळी आहे, वर भोक आहे, भोकात दोरी आहे. मुशी, पाकट आणि त्यांचं सगळं गोत पृष्ठवंशीयच. ही चकती वाळवू नका. वाळली की आक्रसते, वाकडी होते आणि दाखवण्यासारखं काही उरत नाही.

बोंबलाच्या मांसात पाणीच इतकं की तो हातात धरला तरी लोंबतो. त्याला उकडू नका, पार विरघळल्यासारखा होतो. पोटाच्या बाजूने लांब चीर द्या, पुस्तकासारखा उघडा आणि मधला बारीक काटा डोक्याकडून सोडवत आणा. तो बोटांत चिरडता येतो, पण भिंगातून मणके स्पष्ट दिसतात. तळायच्या आधी बोंबील उघडून, दाबून मधला काटा काढतात, तो काटा म्हणजेच कणा.

कोंबडीच्या माना कुकरमध्ये 3 शिट्ट्या करून निवू द्या, मांस ओढून काढा. मणके सुटे होतात. प्रत्येकाला मधोमध भोक असतं, ते एका जाड दोऱ्यात ओवा. 'मणका' या शब्दात मणी का आहे हे ही माळ हातात आली की सांगावं लागत नाही. कोंबडीच्या मानेत 14 मणके असतात. दुकानातली मान दोन्हीकडून तोडलेली असल्याने कमी भरतील. दोन मणके एकमेकांवर बसवून फिरवून बघा: सांध्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून कोंबडी मान मागे वळवून स्वतःच्या पाठीवरची पिसं साफ करू शकते.

फसवणारे

कोळंबीच्या पाठीवर चीर दिली की काळा दोरा निघतो. साफ करताना तो रोजच काढला जातो आणि त्याला 'शीर' म्हणण्याची पद्धत आहे. तो मेरुरज्जू नाही, शीरही नाही. ते आतडं, आत पचलेलं अन्न. कोळंबीची मज्जेची दोरी उलट्या बाजूला असते. कोळंबी उताणी करा, पायांच्या जोड्यांमधली पातळ कातडी कात्रीने उघडा, आणि पांढुरका बारीक धागा शोधा, ठिकठिकाणी गाठी पडलेला. किलोला वीस-पंचवीस बसतील अशी मोठी कोळंबी असेल तरच तो दिसतो. छोट्या कोळंबीत शोधत बसू नका. पाठीकडे आतडं, पोटाकडे मज्जा: बांगड्याच्या बरोबर उलट. हा एक फरक नीट दाखवला तर संधिपाद, म्हणजे सांध्यांचे पाय असलेल्या, प्राण्यांवरचं अर्धं पान वाचायची गरज उरत नाही.

माकुलाचं डोकं धरून ओढलं की नळीतून आतडी बाहेर येतात. मग नळीच्या आत, पाठीच्या बाजूला बोट घातलं की पारदर्शक, पिसाच्या आकाराची पट्टी लागते आणि सुळकन निघते. आत आहे, पाठीच्या बाजूलाही आहे, म्हणजे दुसरा प्रश्न ती पास होते. पण एकसंध आहे, एकही सांधा नाही, आणि आतून कुठलीच दोरी जात नाही. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर ती अडकते. माकूल हा तिसऱ्या आणि गोगलगायींचा भाऊबंद. पूर्वजांच्या शिंपल्याचा उरलेला अवशेष म्हणजे ही पट्टी. रुंद अंगाच्या माकुलात हीच गोष्ट जाड, पांढरी आणि खडूसारखी असते: समुद्रफेन. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं ते सापडतं, आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळतं, आणि पाळलेल्या पोपटांच्या पिंजऱ्यातही चोच घासायला टांगलेलं असतं. हाड समजून ते घरी आणणारे पुष्कळ.

चिंबोरीचं पाठीवरचं झाकण उघडलं की आत पांढऱ्या भिंती आणि कप्पे दिसतात. ते बाहेरचंच कवच आत वळलेलं आहे, वेगळं हाड नव्हे. शेजारचे करडे, पिसासारखे झुबके म्हणजे कल्ले. चिंबोरी वाढते तेव्हा सगळं कवच टाकून देते आणि नवं कडक होईपर्यंत मऊ राहते. साप कात टाकतो ती फक्त कातडीची वरची पापुद्री. त्याचा सांगाडा आतच असतो आणि त्याच्याबरोबर वाढतो.

कासवाचं प्रकरण याच्या नेमकं उलट. कासवाच्या कवचाचा वरचा भाग त्याच्या बरगड्या आणि पाठीचे मणके रुंद होऊन, जुळून बनलेला असतो. त्यामुळे कासव कवचातून 'बाहेर' येऊच शकत नाही. शंखातला खेकडा येतो तसा तर नाहीच. कोकणात वेळासला किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले कासव पाहिलं असेल तर ही गोष्ट पटकन बसते.

व्हिनेगरची परीक्षा

चार वाट्यांत प्रत्येकी 2 मोठे चमचे व्हिनेगर. एकीत तिसरीची शिंपली, दुसरीत समुद्रफेनाचा तुकडा, तिसरीत कोंबडीचे घासून स्वच्छ केलेले 2 मणके, चौथीत माकुलाची पट्टी. पहिल्या दोन वाट्यांत लगेच बुडबुडे सुटतात, कारण तो कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या चुनखडीचाच सगा. हाड मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं असल्याने तिथे बुडबुडे जवळजवळ नाहीत. मात्र व्हिनेगर रोज बदलत तीन ते पाच दिवस ठेवलं तर हाड रबरासारखं वाकतं. क्षार विरघळून आतलं प्रथिनांचं जाळं तेवढं उरतं. माकुलाची पट्टी कायटिनची, म्हणजे कीटकांच्या आवरणात असतो त्या पदार्थाची, तिला काहीच होत नाही.

बुडबुडे आले नाहीत तर दोन कारणं असतात. शिंपलीवर बाहेरून तपकिरी साल असते, ती सुरीने खरवडा. किंवा शिंपली तेलकट आहे. साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा करा. लिंबाच्या रसानेही होतं.

जिवंत प्राणी असेल तर

कापायचं नाही आणि मारायचं तर मुळीच नाही. बाहेरून दिसणाऱ्या खुणा पुरतात. पाय चारांपेक्षा जास्त मोजले तर प्रश्न तिथेच मिटला, तो अपृष्ठवंशीय. चार किंवा कमी असतील तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण साप, मासा, गांडूळ आणि गोगलगाय चौघेही त्यात येतात. जबडा बघा: वर-खाली उघडत असेल तर कणा असण्याची शक्यता मोठी, मुंगळा किंवा नाकतोडा यांचे जबडे कात्रीसारखे आडवे चालतात. सुरवंटाच्या अंगावरची लव पाहून 'केस आहेत, म्हणजे सस्तन' म्हणू नका. ती कायटिनची असते. रक्ताच्या रंगावर तर कधीच जाऊ नका. गांडुळाचं रक्त लाल असतं, चिंबोरीचं निळसर, आणि चिरडलेल्या डासातलं लाल रक्त बहुधा आपलंच असतं.

सगळ्यात चांगली परीक्षा पावसाळ्यात होते, कुंडीखालच्या ओल्या मातीत. तिथे तीन प्राणी एकसारखे दिसतात: गांडूळ, वाळा आणि काही भागांत देवगांडूळ. पहिला अपृष्ठवंशीय, दुसरा साप, तिसरा बेडकांच्या गोतातला उभयचर. पांढऱ्या ट्रेमध्ये ओलं वर्तमानपत्र पसरा, शेजारी पट्टी ठेवा, आणि प्राण्याला मातीसकट सुपलीने उचलून त्यावर सोडा.

पट्टीशेजारी त्याची लांबी बदलते का ते बघा. गांडूळ पुढे सरकताना ताणून बारीक होतं, मग आखडून जाड होतं. एकाच मिनिटात लांबीत ठळक फरक पडतो. वाळा कितीही वळवळला तरी त्याची लांबी तेवढीच राहते, कारण मणक्यांची साखळी वळते, ताणली जात नाही. म्हणून तो अंग डावी-उजवीकडे वळवत चालतो. शिवाय तो कोरडा, चकचकीत खवल्यांचा. भिंगातून बारीक जीभ आत-बाहेर होताना दिसते आणि शेपटीच्या टोकाला छोटा काटा असतो. फार तर वीतभर लांबीचा हा साप बिनविषारी आहे, आणि त्यात सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय पिल्लं होतात.

देवगांडूळ ओलसर, वळ्यावळ्यांचं, म्हणून नवख्याला ते जाडजूड गांडूळच वाटतं. आंबोलीसारख्या सह्याद्रीतल्या ओल्या जागी ते आढळतं. तोंड बघा: जबडे आहेत, दात आहेत, डोकं वेगळं कळतं. गांडुळाला यातलं काहीच नसतं, आणि प्रौढ गांडुळाच्या अंगावर मध्येच एक गुळगुळीत, फिकट पट्टा असतो तो देवगांडुळाला नसतो.

पाच मिनिटांत प्राणी उचलला तिथेच परत सोडा. उन्हात ट्रे ठेवला तर गांडूळ कोरडं पडून मरतं. आणि नक्की ओळख पटेपर्यंत बोट लावू नका. फुरशाचं पिल्लूही लहानच असतं. फोनने फोटो काढून तो मोठा करून बघणं हे भिंगापेक्षा सोयीचं आणि सुरक्षित. किनाऱ्यावरून समुद्रघोडा किंवा समुद्रकाकडी 'नमुना' म्हणून घरी आणू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

पुढची विभागणी

कणा सापडला की पुढे जाणं सोपं. कल्ले आणि पर असलेले मासे, ओल्या त्वचेचे उभयचर, कोरड्या खवल्यांचे सरीसृप, पिसांचे पक्षी, केस आणि दूध असलेले सस्तन. अडतं ते नावांपाशी. देवमासा सस्तन, त्याची शेपटी आडवी पसरलेली असते आणि वर-खाली हलते, माशाची उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. वाम सापासारखी लांब असली तरी तिला कल्ले आहेत, म्हणून मासा. खवल्या मांजर खवल्यांचं असूनही सस्तन. तारामासा आणि जेलीफिश यांच्या नावात मासा आहे तेवढाच.

अपृष्ठवंशीयांचं तसं नाही. 'कणा नसलेले' ही गोष्ट त्यांच्यात समान आहे, पण नसण्यावरून नातं ठरत नाही. घरात गच्चीवर एक खोका असतो ज्यात कुठेच न बसणाऱ्या वस्तू जातात, तसा हा गट आहे, आणि खोका घरापेक्षा मोठा. ज्ञात प्राण्यांत पृष्ठवंशीय शंभरात जेमतेम पाच. नुसत्या कीटकांच्याच दहा लाखांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. ॲरिस्टॉटलने लाल रक्त असलेले आणि नसलेले अशी वाटणी केली होती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये कणा नसलेल्यांपैकी कीटक सोडून उरलेले जवळपास सगळे 'कृमी' या एकाच वर्गात टाकले. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1801 मध्ये 'कणा नसलेले प्राणी' हे नाव रूढ केलं आणि त्या ढिगाऱ्याची नीट वर्गवारी सुरू केली. गंमत अशी की गर्भाच्या वाढीच्या खुणा पाहिल्या तर तारामासा कोळंबीपेक्षा आपल्याला जवळचा आहे.

म्हणून कणा नसलेल्याला नुसतं 'अपृष्ठवंशीय' लिहून थांबू नका, संघ (प्राण्यांचा मोठा गट) विचारा. सांधे असलेले पाय आणि कडक आवरण: संधिपाद, मग पाय मोजा, 6 असतील तर कीटक, 8 तर कोळी-विंचू, चिंबोरी-कोळंबीला चालायचे व पकडायचे मिळून 10. मऊ अंग, बहुधा शिंपली: मृदुकाय. सारख्या वळ्या: वलयी. पाच भागांची रचना आणि काटेरी त्वचा: कंटकचर्मी. डंखाच्या पेशी असलेली पिशवी म्हणजे जेलीफिशचं गोत, आणि अंगभर भोकं असलेले स्पंज.

दहावीच्या उत्तरपत्रिकेत एक गुण दरवर्षी जातो तो 'समपृष्ठरज्जू' आणि 'पृष्ठवंशीय' हे एकच समजल्याने. पृष्ठरज्जू ही पाठीतली लवचीक दांडी, आयुष्यात कधीतरी ती असते ते समपृष्ठरज्जू. पृष्ठवंशीयांत तिची जागा मणके घेतात. हर्डमानिया या पिशवीसारख्या समुद्री प्राण्याच्या डिंभात (पिल्लावस्थेत) ती फक्त शेपटीत असते आणि प्रौढपणी नाहीशी होते. ॲम्फिऑक्सस या माशासारख्या छोट्या समुद्री प्राण्यात ती जन्मभर राहते, पण मणके कधीच येत नाहीत. दोघेही समपृष्ठरज्जू, पृष्ठवंशीय एकही नाही. सगळे पृष्ठवंशीय समपृष्ठरज्जू असतात, उलट खरं नसतं.

साखळी टिकवायची असेल तर

बांगडा तेलकट मासा. नुसता धुऊन वाळवलेला कणा महिन्याभरात पिवळा पडतो आणि कपाटाला वास सुटतो. मांस काढल्यावर कणा कोमट पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचा लिक्विड साबण घालून रात्रभर भिजवा. सकाळी जुन्या टूथब्रशने कमानींच्या फटी घासा, पाणी बदलून पुन्हा एक रात्र. मग औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन-तीन तास ठेवा आणि पांढरा होताच काढा. फरशी पुसायचं ब्लीच वापरू नका. ते हाडच खातं आणि वर्षभरात मणके भुगा होतात.

मणके सुटले तर घाबरू नका, पण भिजवण्याआधी फोटो काढून ठेवा, म्हणजे क्रम लावता येतो. सावलीत, जाळीखाली दोन दिवस वाळवा. जाळी मुंग्यांपेक्षा मांजरासाठी. मग काळ्या पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलचे ठिपके देऊन कवटीपासून शेपटीपर्यंत चिकटवा, आणि खाली पेन्सिलने 1 ते 31 आकडे घाला. तेराव्या मणक्यानंतर एक लाल रेघ मारा.